उष्टी गाडी

तुळशीराम काही सांगू लागला की मी मनातल्या मनात त्यातून निम्मं वजा करायचो. मोहर्लीच्या वाटेवर त्याला दहा फुटांचा वाघ दिसला, म्हणजे बिबट दिसला असेल. साहेबाने त्याचा नकाशा पाहून उठून हात मिळवला, म्हणजे साहेबाने मान हलवली असेल. आम्ही दोघं एकाच कोळसा खाणीच्या कचेरीत होतो. तो नकाशे काढायचा, मी हिशेब लिहायचो. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. तिथे आम्ही शेजारी राहत होतो. दोन्ही घरांची मधली भिंत एकच. त्याच्या नकाशातली रेघ केसभर हलायची नाही आणि बोलण्यातली एकही सरळ यायची नाही. एकाच माणसाला हे दोन्ही कसं जमतं, हे मला कधी कळलं नाही.

मी टोकलं तर तो रागवायचा नाही. मला ‘हिशेबभाऊ’ म्हणायचा.

"तुले दोन अन् दोन चारच दिसते, हिशेबभाऊ. मले त्याच्या पुढचं दिसते."

अंगाने किडकिडीत, डोक्यावर फेल्ट हॅट. सायकलवरही हॅट. बुटांना तो केळीच्या सालीने चकाकी आणायचा आणि त्याला ‘सायंटिफिक’ म्हणायचा. सगळंच त्याला सायंटिफिक लागायचं. चहात साखर आधी घालावी की नंतर, उशी कोणत्या बाजूला ठेवावी, प्रत्येकाला कारण होतं. एकदा आमचं भिंतीवरचं घड्याळ मागे पडू लागलं म्हणून त्याने ते रविवारी आमच्या ओसरीवर उघडलं. संध्याकाळी जोडून झाल्यावर एक चाक उरलं. त्याने ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे फालतूच टाकलं व्हतं त्याईनं."

घड्याळ चालू झालं, वेळही बरोबर दाखवू लागलं, पण ठोके कायमचे बंद झाले.

"ठोके कायले पाह्यजे?" तो म्हणाला. "तुले आकडे वाचता येते ना?"

त्याची बायको कौसल्याबाई दारात उभी राहून हे ऐकत होती. ती म्हणाली, "भाऊजी, ते चाक जपून ठेवा. आमच्या घरच्या चार वस्तूंतले असेच उरलेले तुकडे मी एका डब्यात जपून ठेवले हायेत." आणि तिघंही हसलो. त्या काळात आम्ही पुष्कळ हसायचो.

कौसल्याबाई लहानपणीच विधवा झाली होती. सासर म्हणजे काय हे कळायच्या आत. तुळशीराम नागपूरला नकाशाचं काम शिकत होता तेव्हा तिच्या घराशेजारी राहायचा. त्याने तिच्याशी पाट लावला, म्हणजे विधवेशी करतात ते साधं लग्न. त्यांच्या जातीत गरिबाघरी असे पाट सर्रास होत. पण तुळशीरामचं घर पाटलाचं. पाटलाच्या घराने ही रीत कधीच सोडली होती. त्याच्या थोरल्या भावाने, दादाने, निरोप पाठवला: "उष्टं ताट माझ्या घरात मांडल्या जाणार नाई."

हे तुळशीरामने मला कधी सांगितलं नाही. कौसल्याबाईने माझ्या बायकोला सांगितलं, तांदूळ निवडताना, सुपातून मान वर न करता.

आईबाप गेल्यावर दादानेच त्याला वाढवलं होतं. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की दादा त्याला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवायचा. तुळशीराम म्हणायचा, पाणी दादाच्या गळ्यापर्यंत असायचं. मी ते कमरेपर्यंत धरतो. कमरेपर्यंतही काही थोडं नाही. दरवर्षी पोळ्याला तो गावी जायचा, एकटाच. गडचिरोलीच्या पुढे, चामोर्शीच्या वाटेवर त्याचं गाव. कौसल्याबाई त्याचं धोतर, सदरा पिशवीत भरून द्यायची आणि दार लावून घ्यायची. तो परत यायचा तेव्हा वहिनीने चोरून दिलेली करंज्यांची पुरचुंडी आणायचा. कौसल्याबाई ती न सोडता आमच्या मुलांच्या हातात द्यायची.

माझी बायको चिडायची. "बाईले घरात पाऊल ठेवू देत नाई, त्या घरात यांच्या गळ्याखाली घास उतरते कसा?"

उतरायचा. परत आला की त्याचं पोट थोडं पुढे आलेलं असायचं आणि दादाने किती आग्रह केला ते तो चार दिवस सांगायचा. त्यातून निम्मं वजा केलं तरी आग्रह पुष्कळच झालेला असायचा.

कामठीच्या छावणीतला एक गोरा अधिकारी देश सोडून जाणार होता. त्याची मोटार विकायची आहे हे तुळशीरामला आमच्या साहेबाच्या ड्रायव्हरकडून कळलं. तो एका रविवारी जाऊन पाहून आला आणि रात्रीचं जेवण न करता आमच्याकडे येऊन बसला.

"लाल हाय. शर्यतीतली. वर टप नाई. शिटा दोनच, पन लाल चामड्याच्या."

"आणि पैसे?" मी विचारलं.

गावातल्या जमिनीचा आपला वाटा त्याने पैसे घेऊन दादाच्याच नावे करून दिला होता. आकडा मला माहीत आहे, तो इथे सांगण्यात अर्थ नाही. हातातली जमीन देऊन चार वर्षं चाललेली मोटार घेणं मला पटलं नाही आणि मी तसं तोंडावर म्हटलं.

"तुले समजत नाई," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने सायंटिफिक हा शब्द वापरला नाही. "मी चाकावर, कौसल्या बाजूले. गावात अशी गाडी कोनं पाह्यली नाई. अशा गाडीतून उतरलेल्या बाईले कोन दारातून वापस पाठवन? वहिनी ओवाळन, कौसल्या आत जाईन. मंग मी दादाले बसवून गावाभोवती एक चक्कर मारीन. दादा माझ्या गाडीत बसन, हिशेबभाऊ. मले दुसरं काई नाई पाह्यजे."

"सिटा दोन. तू, कौसल्याबाई आणि दादा, तीन माणसं."

"पयले कौसल्या उतरन, मंग दादा बसन."

हा हिशेब त्याने बरोबर केला होता.

मीही सोबत यावं असा त्याचा आग्रह होता, तो दादासाठीच. दादा एकदा कोर्टाच्या कामाला चांद्याला आला होता. मुक्काम धर्मशाळेत, भावाच्या घरी पाऊल नाही, पण जेवायला दोन वेळा माझ्याकडे आला. माझं तोलूनमापून बोलणं त्याला आवडलं होतं. तुळशीराम म्हणाला, "मी सांगितलं तर दादा पतियात नाई. तू सांगितलं तर पतियाते. मांगून आनली नाई, विकत घेतली, येवढं तू सांगजो."

कामठीहून आम्ही सकाळी निघालो. मोटार चालवायला तो खाणीच्या ट्रकवर शिकला होता. ट्रक उंच आणि मंद, ही बुटकी आणि चपळ. पहिले दहा मैल ती त्याला जुमानत नव्हती. मग जमलं. वारा तोंडावर येत होता, डोळ्यांत पाणी येत होतं आणि तो मोठमोठ्याने बोलत होता. अर्धं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे माझं वजाबाकीचं काम वाऱ्यानेच केलं. कापसाच्या बंड्या वरोऱ्याकडे चालल्या होत्या. आमचा भोंगा ऐकून एका बंडीचे बैल बिचकून रस्त्याखाली उतरले. गाडीवान खाली उडी मारून आला, पण शिव्या द्यायच्या आधी त्याने वाकून मोटारीकडे पाहिलं.

"काऊन जी, पाय तुटले का इचे? बसून चालून राह्यली!"

वरोऱ्याच्या अलीकडे हॅट उडाली. तो "जाऊ दे" म्हणाला. मैलभर गेल्यावर त्याने गाडी वळवली. एक शेतकरी हॅट हातात धरून रस्त्याच्या कडेला उभा होता, जणू आम्ही येणार हे त्याला ठाऊक होतं. "घ्या साहेब," तो म्हणाला. चांद्यापर्यंत तुळशीराम तो ‘साहेब’ पुन्हा पुन्हा म्हणून दाखवत होता. मी त्याला इतका आनंदात आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. त्या दिवशीचं त्याचं तोंड आठवलं की मला त्याचा राग पुरता धरवत नाही. याचाही मला राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. कौसल्याबाईने हिरवं लुगडं नेसलं होतं. निघताना ती माझ्या बायकोला म्हणाली, "एकदा जाऊन पाह्यते. मंग म्हनाचं राह्यनार नाई." मी सिटांच्या मागे, जिथे सामान ठेवायची चिंचोळी जागा होती तिथे, पाय पोटाशी घेऊन बसलो. तिथे माणसाने बसावं असं बनवणाऱ्याच्या मनात नव्हतं.

मूलपर्यंत ठीक होतं. पुढे सागाचं जंगल लागलं आणि रस्ता बंड्यांच्या हाती गेला. बंड्यांच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या आणि मध्ये मातीचा उंचवटा राहिलेला. ही मोटार जमिनीपासून वीतभरच उंच. चाकं चाकोरीत गेली की पोट उंचवट्याला घासायचं. प्रत्येक घासण्याला तुळशीराम "काई नाई, काई नाई" म्हणायचा, मुलाच्या गुडघ्याला खरचटल्यावर म्हणतात तसं. कौसल्याबाई एका हाताने दार धरून समोर बघत होती.

वैनगंगेवर पूल नव्हता. हिवाळ्यात पाणी एका कडेला राहतं, बाकी पात्र रेतीचं. त्या रेतीवर बांबूचे तट्टे अंथरून वाट करतात, त्यावरून बंड्या आणि ट्रक जातात. तट्ट्यांची देखभाल काठावरचे ढिवर करायचे. मासे धरणारे लोक. त्यांच्यातला म्हातारा, लटारी, मोटारीभोवती फिरला.

"साहेब, हे तं जमिनीले चिपकून चालते."

"सायंटिफिक हाय," तुळशीराम म्हणाला. "हवा कापाले."

"हवा कापते. रेती नाई कापत का?"

रेती कापली नाही. पात्राच्या मध्यावर तट्टा सरकला आणि मोटार पोटावर बसली. चाकं फिरत राहिली आणि रेती आमच्या अंगावर उडत राहिली. लटारीने दहाबारा माणसं बोलावली. दोन जाड बांबू खालून घातले. असं ठरलं की मोटार उचलून पलीकडे न्यायची, वाटेतलं पाणी पोटरीइतकंच आहे.

"बाई, बसून राहा तुमी," लटारी म्हणाला. "तुमचं का वजन हाय!"

"माहे पाय हायेत," असं म्हणून कौसल्याबाई उतरली. मीही उतरलो. तुळशीराम उतरला नाही.

"चाक कोनं तरी धराले पाह्यजे ना."

बांबूवर अधांतरी चाललेल्या मोटारीचं चाक कोणी धरलं काय, न धरलं काय. पण तो हॅट घालून, दोन्ही हातांनी चाक धरून, समोर बघत बसला. ढिवर त्याला देव नेल्यासारखे हुं-हुं करत घेऊन चालले. मागून कौसल्याबाई वहाणा हातात घेऊन, लुगडं जरा वर धरून पाण्यातून चालत होती.

"बाई," लटारी तिला म्हणाला, "सायबाले पोहनं जमत नाई का?"

"जमते," ती म्हणाली. "पन वल्लं व्हाले नाई जमत."

ढिवर इतके हसले की मोटार हेलकावली. तुळशीरामने वळून विचारलं, "काऊन हासता बे?" कोणी सांगितलं नाही.

दुपार कलताना आम्ही गावात पोचलो. भोंगा त्याने वेशीपासूनच वाजवायला सुरुवात केली होती. धान मळत असलेली माणसं खळी सोडून आली. घरासमोर मोटार थांबली तेव्हा मागे अर्धं गाव होतं. वहिनी आतून ताट घेऊन दारात आली. ताटात कुंकू, निरांजन, नारळ. तिने डोक्यावरचा पदर सारखा करत कौसल्याबाईकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून मला वाटलं, जमलं. माझी अटकळ सहसा चुकत नाही.

दादा ओसरीवरून उतरला. उंच, रुंद, अंगात बंडी. घाई नव्हती. त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली, समोरच्या पत्र्यावर तळहात ठेवला.

"तपली हाय." मग, "किती मानसं बसते?"

"दोन, दादा."

"घरात चौदा हायेत, तुळश्या."

लोक हसले. तुळशीराम घाईने म्हणाला, "नवी हाय दादा. इंग्लंडची. पेटीतून काढली अन् मले देल्ली."

नवी म्हणायची काहीच गरज नव्हती. विकत घेतली एवढंच पुरेसं होतं, आणि ते खरंही होतं. पण नुसतं खरं सांगून त्याचं कधी भागलंच नाही.

दादा माझ्याकडे वळला. "बाबू, तुमी सांगा. नवी हाय?"

"नाही," मी म्हटलं. "विकत घेतलेली आहे, पण नवी नाही. कामठीच्या एका साहेबाची होती. चार वर्षं चाललेली आहे."

मला खरं सांगायलाच नेलं होतं. आज विचारलं तरी मी तेच सांगेन.

"म्हंजे उष्टी," दादा म्हणाला.

त्याने कौसल्याबाईकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती, गावाने पाहिलं. वहिनी ताट घेऊन दोन पावलं पुढे आली होती. तिच्याकडे न वळता तो म्हणाला, "उष्ट्याले ओवाळत नाई. आत ने ते." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, हसत, "आमच्या तुळश्याले लहानपनापासून दुसऱ्याच्या ताटातलंच गोड लागते."

लोक हसले. तुळशीरामही हसला.

मी त्याच्या मागेच होतो. ते कसनुसं हसणं नव्हतं. भावाने चारचौघांत थट्टा केली की लहान भाऊ हसतो, तसं ते मोकळं हसणं होतं. दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज एकदम मऊ झाला. "चाल, जेवून घे. सकाळपासून उपाशी असशीन." तुळशीरामने मागे वळून कौसल्याबाईला "आलोच" म्हटलं, हॅट काढली आणि आत गेला.

दादाने मलाही बोलावलं. मी भूक नाही म्हणालो.

कौसल्याबाई लाल सिटेवर बसून राहिली. पोरं मोटारीला हात लावून बघत होती, तिने कोणाला हटकलं नाही. थोड्या वेळाने वहिनी मागच्या दाराने पत्रावळीवर भात आणि वरण घेऊन आली.

"दोन घास खाऊन घ्या बाई."

"तुमचं काई नाई, वहिनी. तुमी आत जा, नाई तं बोलतीन तुमाले."

वहिनी पत्रावळ कुठे ठेवावी ते न कळून तशीच उभी राहिली आणि परत गेली. घरातून बोलण्याचे, हसण्याचे आवाज येत होते. कौसल्याबाई ऐकत होती.

"भाऊजी, आत हासून राह्यले ते हेच ना?"

"हो."

"मंग झालं," ती म्हणाली. तिने गाठोडं घेतलं, दार उघडून उतरली आणि दार नीट लावलं. "गडचिरोलीले जानारी सर्विस मोटर कुठी थांबते?"

मी तिच्याबरोबर बसने चांद्यापर्यंत परत आलो. त्या आठवड्यातच ती नागपूरला बहिणीकडे गेली, दाईचं काम शिकली, तिथेच राहिली. दोघांत भांडण झालं नाही. मधली भिंत एकच होती, झालं असतं तर ऐकू आलं असतं.

तुळशीराम सर्विस मोटरने परत आला. निघताना गावाबाहेरच त्याच्या लाल मोटारीचं पोट फाटलं, तेल सगळं रस्त्यावर गेलं आणि बैल लावून ती परत दादाच्या अंगणात न्यावी लागली. कचेरीत त्याने सांगितलं, "दादानं ठेवून घेतली. सोडतच नव्हता." यातून निम्मं वजा करून भागण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांनी त्याने नोकरी सोडली आणि गावी दादाकडे राहायला गेला. निघताना त्याने मला सायकल दिली, हॅटही देऊ केली. हॅट मी घेतली नाही.

त्यानंतर मी त्याला एकदाच पाहिलं. चामोर्शीला एका लग्नाला चाललो होतो, वाटेत उतरलो. मोटार अंगणात चिंचेखाली होती. चाकं मातीत रुतली होती, लाल रंग विटून विटेसारखा झाला होता. आत एकच सीट होती. दुसरीच्या जागी, जिथे कौसल्याबाई बसली होती तिथे, कोंबडी अंड्यांवर बसलेली. सीट गेली कुठे ते मला ओसरी चढल्यावर दिसलं. भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या लाल चामड्याच्या सिटेवर दादा पाय पसरून बसला होता. तुळशीराम खाली जमिनीवर बसून त्याच्यासाठी सुपारी कातरत होता. डोकं उघडं, केस पार पांढरे.

दादाने प्रेमाने विचारपूस केली. माझ्यासाठी चहा आला. तुळशीरामने कौसल्याबाईबद्दल विचारलं नाही. मला तिची सगळी खबर होती. कोणी विचारल्याशिवाय सांगायची नाही असं मी ठरवून गेलो होतो.

तो मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. सर्विस मोटर दिसू लागली तेव्हा त्याने माझा दंड धरला, मागे घराकडे एकवार पाहिलं आणि कानाशी वाकून म्हणाला,

"पाह्यलं ना, हिशेबभाऊ? दादा बसते. रोज बसते."

ज्यातून मी काहीच वजा केलं नाही असं त्याचं बोलणं हे एवढंच. सगळं खरं होतं.